कौलं चाळणारा कोणी आहे का?

मे महिना उतरणीला लागला की रत्नागिरीत एक प्रश्न मोठ्याने विचारू नये. आंब्याची पेटी केवढ्याला ते विचारा, पावसची गाडी गेली का ते विचारा, फार काय, शेजारणीचं वय विचारलंत तरी निभावून जाईल. पण राम आळीत उभं राहून, "कौलं चाळणारा कोणी आहे का हो ओळखीचा?" एवढं म्हणालात की संपलं. त्या क्षणापासून तुमचं घर सार्वजनिक होतं.

आमचं घर जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मागे माड. मुंबईचे पाहुणे दारात उभे राहून फोटो काढतात आणि "किती गार वाटतं ना!" म्हणतात. त्यांना मी जुलैत यायचं आग्रहाचं आमंत्रण देते. अजून कोणी आलेलं नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. तोही सरळ पडला असता तर कौलांनी सांभाळून घेतलं असतं. मंगळुरी कौल हे मोठं हुशार प्रकरण आहे. 1865 च्या सुमारास बासेल मिशनने मंगळूरला त्याचा कारखाना काढला, आणि युक्ती अजून तीच आहे: एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, पाणी उतारावरून खाली येतं, पागोळ्या अंगणात. पण आमचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो. खाचेत शेवाळ, पालापाचोळा, चिमण्यांचं काहीबाही अडकलेलं असलं की वाऱ्याने ढकललेलं पाणी कौलाखाली उलटं चढतं. म्हणून पावसाआधी कौलं उतरवायची, घासायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा बसवायची. याला रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, पाय ठेवून चालणारा माणूस लागतो. कौलावर पाय ठेवून चालणारे पुष्कळ मिळतात. ते गेल्यावर नवी कौलं आणायला आपण जायचं असतं.

गेल्या पावसात माजघरात ठिपका पडायला लागला. आमचे हे म्हणाले, "बादली ठेव." यांचं जलव्यवस्थापन एवढंच. श्रावणापर्यंत बादलीच्या जोडीला टोप आला, टोपाच्या जोडीला परात आली, आणि रात्री तिन्हींचे तीन सूर लागायला लागले. तेव्हाच मी ठरवलं, यंदाच्या आगोटीला कांदे, मसाला, सुकी मासळी सगळं मागाहून, आधी छप्पर.

सुरुवात शेजारच्या नानांपासून झाली, कारण नानांना वगळून आमच्या आळीत कशाचीच सुरुवात होत नाही. नाना ट्रेझरीतून निवृत्त झालेले. पडवीतल्या आरामखुर्चीतून न उठता, मान वर न करता, त्यांनी निदान केलं, "वानरं."

वानरं आहेतच. माडावरून थेट आढ्यावर उडी घेणारा वानर ही रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गोष्ट नाही. त्यावरचे उपायही नानांकडे होते. पहिला, छपरावर रबरी साप ठेवायचा. ठेवला. वानरांनी तो बाजूला सारून बैठक मारली आणि दूधवाल्याने फाटकातूनच दूध परत नेलं.

"ते जाऊ दे नाना, माणूस कोण आहे?"

"माणूस आहे हो," नाना म्हणाले, "पण..."

हा 'पण' नीट ऐकायला शिकलं पाहिजे. आमच्याकडे कारागीर सुटा मिळतच नाही, त्याच्यासोबत एक 'पण' येतो. कुवारबावला एक आहे, हात सोन्याचा, पण पितो. नाचण्याला दुसरा आहे, थेंबाला शिवत नाही, पण येत नाही. तिसरा सांगितल्या वेळेला दारात हजर, पण त्याला काम येत नाही. चौथ्याचं सगळं चांगलं, पण त्याच्या आणि नानांच्या भावकीचं एका बांधावरून कोर्टात चाललंय, तेव्हा त्याला बोलावलंत तर बघा. रोज किती द्यायचा तेही नानांनी सांगितलं. तो दर कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली त्या 1998 सालचा असावा.

मला तर थिबा राजाची आता वेगळीच कीव येते. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा बांधून झाला 1910 साली. इतिहासकार याची राजकीय कारणं देतात. माझा अंदाज असा की बिचाऱ्याने पहिल्याच आठवड्यात कोणालातरी विचारलं असणार, "इथे गवंडी कोण चांगला?"

मे महिन्यात माणूस मिळत नाही याला कारणंही तशीच आहेत. हापूसची शेवटची तोड चालू असते, आणि आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून गडी येतात यावरून इथल्या मोकळ्या हातांचा हिशेब करा. जे उरतात ते लग्नात असतात. स्वतःच्या नसलं तर वाडीतल्या. यावर नानांचा तोडगा असा: 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे मिरकरवाड्यातले खलाशी रिकामे. डोलकाठीवर चढणारा माणूस आढ्यावर चढणार नाही? आता बोटींना इंजिनं बसून जमाना झाला, बंदी लागली की खलाशी आपापल्या गावी जातात, आणि मुख्य म्हणजे 1 जूनपर्यंत थांबायची सोय नाही. मृग 7 जूनचा, हे पंचांगात ठीक. 2025 साली पावसाने पंचांग न उघडताच 25 मे रोजी तळकोकण गाठलं होतं. हे सगळं नानांना सांगता येतं, पण मग संध्याकाळ जाते.

खरा उपयोगाचा सल्ला मला मिळाला तो मच्छीमार्केटात. बांगडे निवडता निवडता मी नेहमीच्या मावशीला सहज म्हटलं, तर तिने कोयता खाली ठेवला.

"माजघरात कुठं गळतं, वैनी? भितीपासनं किती?"

मी हाताने दाखवलं.

"मग तितलं कवल बगू नको. पानी फुटक्या जागी पडत न्हाय, वाशावरनं चालत येतं आनि जमंल तितं उतरतं. वरच्या अंगाला बग."

हे शंभर टक्के खरं आहे. फट एकीकडे, ठिपका दुसरीकडे. मधला प्रवास पाणी वाशाच्या पोटाला धरून करतं. आमच्या आळीतल्या एकाही पुरुषाने मला हे सांगितलं नव्हतं, कारण एकानेही नक्की कुठे गळतं हे विचारलं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "घरी कोणी नाहीत का बघणारे?" घरी आहेत की. त्यांनीच तर बादली सुचवली. मावशीच्या सल्ल्याचा तोटा एवढाच झाला की त्या दिवशी बांगड्यांचा भाव पाडायला तोंड उरलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, ग्रुपवर टाका. आमच्या आळीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यात आळीत राहणारे थोडे आणि आळी सोडून गेलेले फार. मी साधा प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं डोंबिवलीहून: "अजून कौलंच आहेत? पत्रे टाका." दुसरं दोह्याहून: "पत्रे नको, स्लॅब टाका." स्लॅबवाल्यांना आपल्याकडची निम्मी स्लॅबची घरं बहुधा दिसत नाहीत, जिथे स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर पुन्हा पत्र्याची शेड ठोकलेली असते. तिथून वाद निसर्ग वादळावर गेला. 3 जून 2020 ला दापोली-मंडणगडाकडे कौलांचं काय झालं ते पत्रेवाल्यांनी फोटोंसकट मांडलं. कौलवाल्यांनी त्याच दिवशी उडालेल्या पत्र्यांचे फोटो टाकले. तौक्ते कोणाच्या बाजूने मोजायचं यावर एकमत होईना. माझं मत विचाराल तर कौल उडालं तर आपल्या परसात फुटतं. पत्रा उडाला तर शेजाऱ्याच्या अंगणात जातो, आणि मग पुढची दहा वर्षं हळदीकुंकवाला एक बाई कमी. पण मत कोणी विचारलं नव्हतं. छप्पर माझं होतं एवढाच माझा त्या चर्चेशी संबंध.

या धुमश्चक्रीत तिघांनी मात्र मुकाट्याने एक-एक नंबर पाठवला, आणि तिन्ही वेळा तो एकच होता. एकाकडे 'कौलवाला' म्हणून, एकीकडे 'सुतार चांगला' म्हणून, आणि तिसऱ्याने घाईत जसाच्या तसा पुढे ढकललेला, 'उचलू नये'. मी फोन लावला. गृहस्थ आता विरारला रिक्षा चालवतात. पण गळती म्हटल्यावर त्यांनी रिक्षा बाजूला घेतली, भाडं मागे बसलेलं असताना छपराची दिशा विचारली, उतार विचारला, आढ्याखाली वाळवी लागलीय का ते बघायला सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "पत्रे नका टाकू हो वैनी, मे महिन्यात भाजून निघाल." मागून भाड्याचा आवाज आला, "बरोबर आहे, आमच्याकडे पत्रेच आहेत."

आता दुसऱ्यांना हसते आहे म्हणून सांगते, मीही काही वेगळ्या मातीची नाही. बँकेच्या रांगेत पुढच्या बाईने नुसतं "गुडघा..." म्हटलं की माझ्या तोंडून तेलाचं नाव निघून गेलेलं असतं. कुठला गुडघा, पडल्यामुळे की वयामुळे, हे विचारायचं भान नंतर येतं. कोणी पत्ता विचारला की आपण तो सांगितलाच पाहिजे, माहीत असणं ही पुढची पायरी, असं आमच्याकडे मानतात. जयस्तंभाजवळ एखाद्या पर्यटकाला "माहीत नाही" म्हणून वाटेला लावणं माझ्या जिवावर येतं. पाहुणा रिकाम्या हाताने कसा पाठवायचा?

राहता राहिल्या आत्येबाई. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतक्या जणांना विचारलंस, देवाला विचारलंस का? जा, कौल लाव." मी म्हटलं, आत्ये, लावायला माणूस मिळत नाही म्हणून तर सगळी ही वणवण. यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि माणूस मिळाला कसा, तर मला मिळालाच नाही. मी त्याला मिळाले. एका सकाळी फाटकात शिडी घेऊन एकजण उभा. "वैनी, देवघराच्या भितीपासनं दोन हातावर गळतं ते घर हेच ना?" तो मच्छीमार्केटातल्या मावशीच्या जावेचा भाचा. त्याला बादली, टोप, परात यांचा क्रम ठाऊक होता. रबरी साप ठाऊक होता. नानांनी सांगितलेला रोजही ठाऊक होता, आणि त्यावर तो मनापासून हसून मोकळा झाला होता, त्यामुळे घासाघीस अशी झालीच नाही. कोणाकोणाला विचारून झालं तेवढं त्याने एकदा तपासून घेतलं, आणि कुवारबावच्याला विचारलं नसल्याचं ऐकल्यावर शिडी लावली.

चढला मात्र बघण्यासारखा. पाय नेमका रिपेवर, कौलाला धक्का नाही. ठिपक्याच्या वरच्या अंगाला, मावशी म्हणाली होती तिथेच, एक कौल अर्ध्यातून चिरलेलं निघालं. निम्मं छप्पर दुपारपर्यंत उतरलं, कौलं अंगणात एकावर एक लागली, माजघरात प्रथमच ऊन आलं. मी चहा ठेवला.

चहा घेऊन बाहेर येते तर हा आढ्यावर उभा राहून पलीकडे बघतोय. "नाना! तुमचं पन्हळीकडचं कवल सरकलंय की! वाशाला पानी लागलंय!"

नानांनी मान वर केली. मी तरी हे पहिल्यांदाच पाहिलं. मग ते उठले. मग समोरचे आले, वरच्या आळीतले दोघे सायकल टेकून थांबले, आणि नानांच्या छपराखाली सभा भरली. वानरं, एक म्हणाला. पत्रे टाका, दुसरा म्हणाला. नाना एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. "एवढं बगून येतो हां वैनी," असं म्हणत शिडी माझ्या भिंतीवरून निघाली आणि नानांच्या भिंतीला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. डोंबिवली. "रडारवर मिऱ्याच्या बाजूला मोठा ढग दिसतोय. कौलं काढली असतील तर ताडपत्री टाका." वर बघितलं तर खरंच, माजघरातलं ऊन गेलेलं.

मी कुंपणाशी धावले. "अहो, ताडपत्री आहे का कोणाकडे?"

सगळी सभा माझ्याकडे वळली.

"आहे हो एकाकडे," नाना म्हणाले, "पण..."