त्रिनिदादला मुक्काम हवाच

क्यूबातलं त्रिनिदाद हे गाव एका दिवसात उरकता येतं, हे तुमच्या त्रिनिदादवरच्या लेखातलं मत अजिबात पटलं नाही. सहलीच्या बसगाड्या गेल्या की संध्याकाळी गाव खरं जागं होतं. आणि राहायचं ते हॉटेलात नाही, 'कासा पार्तिक्युलार'मध्ये, म्हणजे लोकांच्या राहत्या घरातल्या खोलीत. दारावर जहाजाच्या नांगरासारखं निळं चिन्ह दिसलं की समजायचं. आमच्या खोलीचं छत चांगलंच उंच, आणि रस्त्याकडच्या खिडकीला काच नाही, नुसते खालपासून वरपर्यंत लाकडी गज. बाहेरून जाणारे खुशाल 'ओला' (स्पॅनिशमधलं 'हॅलो') करून जायचे! नाश्त्याला पपई, पेरू, अंडी आणि कडक कॉफी.

लेखात वीज जाण्याबद्दल चकार शब्द नाही. क्यूबात हल्ली तासन्‌तास वीज नसते, तेव्हा बॅटरी न्याच. अमेरिकी बँकांची कार्डं चालत नाहीत, युरो रोख ठेवा. दगडगोट्यांच्या रस्त्यावर चाकांची बॅग म्हणजे शिक्षाच.

गावातले देखणे वाडे उसाच्या पैशावर उभे राहिलेत, तो ऊस गुलामांच्या घामाचा. शेजारच्या साखर कारखान्यांच्या खोऱ्यात मनाका इस्नागा या ऊसमळ्याचा मनोरा आहे, मळ्यातल्या गुलामांवर नजर ठेवायला बांधलेला. १९८८मध्ये युनेस्कोने गावाबरोबर हे खोरंही जागतिक वारसा यादीत घेतलं. मग लेखात फोटो नुसते रंगीत भिंतींचेच का टाकलेत?