उकळल्याने हिरव्या बटाट्यातलं विष जात नाही

‘बटाटे उकडण्याची खरी पद्धत’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. काल तो मावशीपर्यंत पोचला. तिने फोन करून विचारलं, “अगं, हिरवे, कोंब आलेले बटाटेही नीट उकळले की चालतात म्हणे?” नाही चालत. हे लिहिणाऱ्यापेक्षाही मला राग येतो तो न तपासता पुढे ढकलणाऱ्यांचा.

मेसेज म्हणतो, हिरवे बटाटे खळखळून उकळा, पाणी ओतून द्या, विष गेलं. साफ खोटं आहे. ही विषं म्हणजे सोलानिन आणि चाकोनिन. उकळतं पाणी 100 अंशांवर थांबतं, कुकरमध्ये फार तर 120 पर्यंत जातं. ही द्रव्यं मोडायला त्याच्या बरीच पुढची उष्णता लागते. पाण्यातही ती फारशी विरघळत नाहीत, मग पाण्याबरोबर जाणार कशी?

लंडनमधल्या एका शाळेत 78 मुलं बटाटे खाऊन आजारी पडली, 17 जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. 1979 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. बटाटे आधीच्या सत्रातले, पडून राहिलेले होते, आणि सोलून उकडलेलेच होते! एवढं एक उदाहरण पुरे आहे.

अर्धं सत्य आहे, तेही सांगते. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः विषारी नाही. पण ज्या उजेडाने तो येतो त्यानेच ही विषंही वाढतात. ती जास्त करून सालीत, कोंबांत आणि डोळ्यांभोवती असतात. म्हणून एखादाच हिरवा डाग असेल तर तो खोल कापून काढला की बाकीचा बटाटा वापरता येतो. बराच हिरवा, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा बटाटा मात्र सरळ फेकायचा. लहान मुलांना तर मुळीच द्यायचा नाही, त्यांच्या वजनाला थोडं विषही जास्त होतं.

आता बाकीचं. ‘उकळत्या पाण्यातच बटाटे टाका.’ बारीक फोडी असतील तर ठीक. अख्खा बटाटा मात्र बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. गार पाण्यात, बुडतील इतक्या पाण्यात, साधारण सारख्या आकाराचे लावा.

‘मीठ घातलं की लवकर शिजतात.’ लिटरभर पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने वाढवायला जवळपास 58 ग्रॅम मीठ लागतं. चवीसाठी घाला, वेळेसाठी नको.

‘आच पूर्ण मोठी ठेवा.’ कशासाठी? पाणी जास्त तापत नाही, नुसतं उसळतं आणि बटाटे आपटून फुटतात. उकळी आली की आच कमी करायची, सुरी मधोमध अलगद गेली की उतरवायचे आणि लगेच निथळायचे. पाण्यात ठेवले तर पाणी पितात.

‘आधी सोलून, चिरून उकडा.’ त्याने क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून एरवी सालीसकटच उकडावेत. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, त्यांच्यासाठी मात्र चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणं खरंच उपयोगाचं आहे. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.