‘१५ मार्चनंतर पत्र येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शिमगा जवळ आला की आपल्याकडच्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. परदेशात पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करून बसलेल्या मुलांसाठी तो ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ म्हणून पुढे पाठवला जातो. त्यात चार गोष्टी आहेत. १५ मार्चपर्यंत पत्र आलं नाही तर नकार समजा. वेटलिस्ट म्हणजे गोड शब्दांत दिलेला नकार. पहिलं होकाराचं पत्र आलं की त्याच आठवड्यात पैसे भरा, नाहीतर जागा जाईल. आणि शेवटी, हे शिक्षण दिल्ली-मुंबईच्या पैसेवाल्यांचं, कोकणातल्या पोरांनी पत्राची वाट बघत वर्ष फुकट घालवू नये, सरळ स्पर्धा परीक्षेला बसावं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि अशा अर्जांसाठी शिफारसपत्रं लिहिते. मार्च-एप्रिलमध्ये या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन मला येतात. त्यामुळे हा मेसेज वाचून किती घरांत घबराट होते ते मला चांगलं ठाऊक आहे. यातली एकही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही, आणि तिसऱ्या गोष्टीने तर घरं कर्जात जाऊ शकतात.

‘१५ मार्चपर्यंत पत्र नाही म्हणजे नकार’

नकार असेल तर शाळा, म्हणजे विद्यापीठातली हा अभ्यासक्रम चालवणारी संस्था, नकार कळवते. अर्जदाराला अधांतरी ठेवून गप्प बसण्याची तिथे पद्धत नाही. पोर्टलवर लॉगिन केलं की होकार, नकार किंवा वेटलिस्ट, काय ते लिहिलेलं असतं. जोवर तिथे काही उमटलेलं नाही तोवर निर्णय कळवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१५ मार्च ही तारीख कुठून आली याचा अंदाज करता येतो. हार्वर्डच्या केनेडी स्कूलसारख्या शाळांचे अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि उत्तरं मार्चमध्ये येतात. कुणीतरी एका शाळेचं वेळापत्रक सगळ्या जगाला लावलं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या काही शाळा जानेवारीतही अर्ज घेतात, त्यांची उत्तरं मार्चअखेरीपर्यंत येत राहतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरेपर्यंत प्रवेश चालू ठेवतात. एकाच अभ्यासक्रमाचं उत्तर एकाला डिसेंबरात येतं, दुसऱ्याला एप्रिलात. भारतात तर याहून उशीर. टिसच्या, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या, पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षाच मार्चमध्ये होते. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने ज्या दिवशी नकार समजायचा, त्या दिवशी टिसचा उमेदवार अजून परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेला असतो.

काही ठिकाणी प्रवेशाचं पत्र आधी येतं आणि शिष्यवृत्तीचं मागाहून. त्यामुळे पत्रात पैशांचा उल्लेख दिसला नाही म्हणून लगेच निराश होऊ नये. शाळेला ईमेल करून विचारावं.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मुलांची झोप उडते. वॉशिंग्टनमध्ये संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा मार्चच्या मध्यात आपल्याकडे पहाटेचे अडीच झालेले असतात. मुलं पहाटेपर्यंत फोन हातात धरून जागतात. जागून निकाल बदलत नाही. सकाळी उठून बघा, आणि स्पॅमचा फोल्डरही बघा.

‘वेटलिस्ट म्हणजे नकार’

इथे अर्धसत्य आहे. वेटलिस्टवरच्या पुष्कळ मुलांना शेवटी जागा मिळत नाही, हे मी कुणापासून लपवणार नाही. पण ती यादी कशासाठी असते ते समजून घ्या. होकार दिलेल्या मुलांपैकी किती खरोखर येतील हे शाळेला माहीत नसतं. एकेका हुशार विद्यार्थ्याच्या हातात तीन-तीन, चार-चार पत्रं असतात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचंच बघा. तिथे धोरणाच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची पूर्ण ट्युशन फी शाळा उचलते. तिथलं पत्र मिळालेलं मूल बाकीच्या शाळांना नाही म्हणतं आणि त्या शाळांच्या जागा मोकळ्या होतात. हे घडतं एप्रिलच्या मध्यानंतर. म्हणजे यादी हलायला लागते ती मेसेजवाल्याने दार लावून घेतल्यावर महिनाभराने.

यादीत राहायचंय असं शाळेला कळवावं लागतं, ते न विसरता करा. अर्जानंतर काही नवीन घडलं असेल, शेवटच्या सत्राचा निकाल, नोकरीत नवी जबाबदारी, तर एका पानाचं पत्र पाठवा. एकच. दर आठवड्याला ईमेल करू नका. आणि हातातली दुसरी जागा सोडू नका, कारण यादीतून उशिरा मिळालेल्या जागेबरोबर आर्थिक मदत फारशी उरलेली नसते आणि व्हिसासाठी वेळही कमी राहतो.

‘पहिलं पत्र आलं की त्याच आठवड्यात पैसे भरा’

यंदा माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील हा मेसेज घेऊन माझ्याकडे आले. मालवणच्या किनाऱ्यावरचं मच्छिमार घर. मुलीला अमेरिकेतल्या एका शाळेचं पत्र आलेलं, थोड्या शिष्यवृत्तीसह. वडिलांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “बाई, ह्यां खरां काय? पैशे आत्ताच भरूक होये?” दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा होता. बँकेत जाऊन आले होते.

तो उतारा मी बघितला. आजोबांच्या पिढीपासूनची नावं, त्यात मुंबईला गेलेले चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, वारलेल्यांची नावंही तशीच. कोकणात सामाईक सातबारा ही घराघरातली गोष्ट आहे. आता बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण ठेवावी लागत नाही, त्याच्या वरच्या रकमेला ठेवावी लागते. अनेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. उरतं ते राहतं घर, आणि तेही सामाईक जागेवर. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा करायच्या तर आठवडा कुठला पुरणार? मग माणूस सोनं मोडतो किंवा सावकाराकडे जातो. ‘त्याच आठवड्यात’ या दोन शब्दांनी हे होतं.

म्हणून नियम नीट सांगते. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची विद्यापीठांची संघटना आहे. तिचा १५ एप्रिलचा ठराव प्रसिद्ध आहे आणि त्यावर सही केलेल्या विद्यापीठांची यादी उघड उपलब्ध असते. ठरावाचा गाभा असा, की पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी आर्थिक मदतीसह प्रवेश दिला असेल, तर त्या मदतीला हो किंवा नाही म्हणण्याचं बंधन विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी नसतं. इतकंच काय, आधी हो म्हटलं आणि मग दुसरीकडून चांगली मदत मिळाली, तर १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवून पहिला होकार मागे घेता येतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हा ठराव आर्थिक मदतीच्या प्रस्तावाबद्दल आहे, मदतीविना आलेल्या नुसत्या प्रवेशाला तो लागू नाही. आणि ज्यांनी सही केलेली नाही त्यांना तो बांधत नाही. त्यामुळे आधी यादीत शाळेचं नाव आहे का बघायचं, मग पत्रातली तारीख वाचायची. पत्रात १५ एप्रिलच्या आधीची तारीख असेल आणि विद्यापीठ यादीत असेल, तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागायची. हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे.

तेवढ्या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ असतं. दुसऱ्या शाळेने जास्त मदत दिली असेल तर ते पत्र पहिल्या शाळेला दाखवून मदत वाढवून मागता येते. मुलं याला लाजतात. लाजू नका, शाळांना अशा पत्रांची सवय असते. अमेरिकेत अशा शाळा आहेत जिथे दोन वर्षांची नुसती फीच लाखभर डॉलरच्या वर जाते. तिथे मदतीच्या रकमेत थोडा फरक पडला तरी त्यावर इथल्या घराचं तारण ठरतं.

ब्रिटनचं तंत्र वेगळं आहे. तिथे पदव्युत्तर प्रवेशासाठी एकापेक्षा जास्त पत्रं हातात ठेवता येतात. काही अभ्यासक्रम अनामत रक्कम मागतात, आणि ती परत मिळते की नाही हे पैसे पाठवण्याआधी वाचायचं असतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा निकाल तर साधारण जूनमध्ये लागतो. तिच्यासाठी अर्ज केलेल्या मुलाने मार्चमध्येच ‘पैसे नाहीत’ म्हणून प्रवेश नाकारला, तर पुढे शिष्यवृत्ती मिळूनही ती वापरायला हातात प्रवेश नसेल. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं, म्हणजे तिचा रस्ता पत्र आल्यानंतर सुरू होतो. घाईने पैसे भरणं किंवा घाईने नाही म्हणणं, दोन्हींत हे रस्ते बंद होतात.

त्या वडिलांना मी सांगितलं की सातबारा घरी नेऊन ठेवा. बँकेच्या साहेबांना फक्त एवढं विचारून घ्या की कर्ज लागलंच तर कोणकोणते कागद लागतील. मुलगी १५ एप्रिलच्या आत शाळेला उत्तर देईल. शाळेचं नाव यादीत होतं.

‘हे आपल्या पोरांचं काम नाही’

याच मुलीचा निबंध मी अर्जाच्या आधी वाचला होता. तिने डिझेल परताव्यावर लिहिलं होतं. मच्छिमार सोसायटीचे सभासद पूर्ण भावाने डिझेल भरतात आणि त्यावरचा राज्याचा कर मागाहून परत मिळतो, असं धोरण. कागदावर ते चांगलंच आहे. तिने वडिलांच्या सोसायटीची वही उघडून बघितली. डिझेल घेतल्याच्या तारखेचा रकाना भरलेला, परतावा आल्याच्या तारखेचा रकाना पानंच्या पानं रिकामा. मधल्या काळात बोट समुद्रात न्यायला पैसे कुठून येतात, व्याज किती जातं, कोण बोट विकतं, हे तिने घराघरांत विचारून लिहिलं. धोरण आखणाऱ्याला हा रिकामा रकाना दिसत नाही. तो तिला दिसला. असा निबंध दिल्लीच्या कुठल्या महागड्या क्लासमध्ये लिहून मिळेल?

आपला किनारा म्हणजे धोरणाच्या प्रश्नांचं गावच आहे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ ला आली, २०११ ला बदलली, २०१९ ला पुन्हा बदलली. भरतीरेषेपासून किती अंतरावर घर बांधता येईल हे त्यावर ठरतं. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा आला, आणि गावागावांत त्यावर सभा झाल्या. जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी, एलईडी लावून होणारी मासेमारी, २०२१ च्या जुलैतला चिपळूणचा पूर, वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. हे सगळं आपल्या मुलांनी पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे.

आणि ‘आपली माणसं’ म्हणाल, तर गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ मध्ये जन्मले. १८९७ मध्ये ते लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशोब मांडायला उभे राहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते या गावचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घराणं मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसेवाल्या घरातून नव्हे.

स्पर्धा परीक्षेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्या वाटेने गेले आणि चांगलं काम करतायत. पण ‘वाट बघण्यात वर्ष जातं’ हे कारण देऊन कुणाला तिकडे पाठवू नका. यूपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत मिळून वर्ष सहज जातं, आणि एमपीएससीत निवड होऊनही नियुक्तीसाठी ताटकळलेली मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शिवाय धोरणाच्या बऱ्याच शाळा कामाच्या अनुभवाला महत्त्व देतात. केनेडी स्कूलच्या मध्य-कारकीर्दीतल्या लोकांसाठीच्या पदवीला तर किमान ७ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे यंदा नकार आला तरी पंचायत समितीत, बचतगटांच्या कामात किंवा मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये काढलेलं एखाद-दोन वर्षं पुढच्या अर्जात जमेला येतात.

परदेश नकोच असेल तर बेंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मुंबईत आयआयटीचं धोरण अभ्यास केंद्र, असे पर्याय आहेत. आणि आपल्याच मुंबई विद्यापीठाची स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी कलिन्याला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत, तरी आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात तिचं नाव ठाऊक असलेली मुलं मला क्वचितच भेटतात. ज्यांचं शेवटचं वर्ष चालू आहे त्यांनी तिथल्या प्रवेशाच्या तारखा या आठवड्यातच बघून घ्याव्यात.