साडेचार भुंगे

मी बँकेत आहे, चोवीस वर्षं झाली. त्यामुळे आकडे मला टरकून असतात असा घरात समज होता. गेल्या रविवारी सकाळी तो निकालात निघाला.

लेक दहावीत. "बाबा, एकच गणित. अवयव पाडून दे," म्हणत वही घेऊन आली. गणित भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं, म्हणजे ११५० सालच्या आसपासचं. भुंग्यांचा एक थवा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. अख्ख्या थव्यातले आठ नवमांशही तिकडेच. उरली एक भुंगी आणि तिचा नवरा. तो वासाच्या नादानं रात्री कमळात शिरला, कमळ मिटलं. आता तो आत गुणगुणतोय आणि ही बाहेरून ओ देतेय. तर एकूण भुंगे किती?

"इथे जीव अडकलाय आणि हे मोजदाद कसली करतायत?" मी म्हणालो.

"भास्कराचार्यांना नावं ठेवायची नाहीत," आतून आवाज आला. बायकोचं माहेर चाळीसगाव. तिथून जवळच, पाटणला, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. त्यामुळे लीलावती ही तिला माहेरची इस्टेट वाटते. सासुरवाडीकडून आलेली गोष्ट आपल्याला जड जाणारच, ही खूणगाठ मी तेव्हाच बांधली.

थवा २क्ष² धरून, म्हणजे निम्म्याचं वर्गमूळ क्ष, लेकीनं समीकरण मांडलं: २क्ष² − ९क्ष − १८ = ०. (तिच्या पुस्तकात एक्स असतो. माझ्यासाठी क्ष केला. तेवढी माया आहे.) "आता मधलं पद फोड."

मधलं पद फोडणं म्हणजे स्थळ जुळवणं. दोन आकडे असे आणायचे की गुणाकार उणे ३६ (टोकाचे २ आणि उणे १८ गुणून) आणि बेरीज उणे ९. गुणाकाराकडची मंडळी खूश झाली की बेरीजवाले रुसतात. मी उणे नऊ आणि चार पुढे केले. समीकरणात नऊ दिसतोय, म्हणजे घरातलाच मुलगा! बेरीज उणे पाच. चारालाही उणे केलं तर बेरीज उणे तेरा, आणि गुणाकार तिकडे अधिक होऊन बसला. सहा-सहा आणले, बेरीज शून्य. अठरा-दोन आणले, बेरीज उणे सोळा. मग पुन्हा नऊ-चारच आणले, मधल्या काळात सुधारले असतील म्हणून.

"सूत्रात टाकू ना," मी म्हणालो. "विवेचक २२५, वर्गमूळ १५, पटकन सुटतं."

"अवयव पद्धतीनं सोडवा, असं लिहिलंय. सूत्रानं केलं की मार्क जातात."

ही असली पद्धत! अंदाजे खडे मारायचे आणि लागला की पायऱ्या लिहायच्या.

आई शेजारी मेथी निवडत होती. छत्तीसचा घोळ बराच वेळ ऐकून म्हणाली, "छत्तीसच्या छत्तीस गुण कुणाचे जुळतात रे? अठरावर लग्नं लागतात." मग मेथीतून मान वर न करता, "परवा तू डझन केळी आणलीस, त्यातली तीन नासकी निघाली. नऊच राहिली ना?"

बारा आणि तीन! उणे बारा, अधिक तीन. माझं नाव केळ्यांवरून निघालं होतं, तरी मी उडीच मारली.

पुढचं सोपं. २क्ष(क्ष − ६) + ३(क्ष − ६). दोन्ही कंसांत तोच क्ष − ६ निघाला की जो आनंद होतो, तो मला प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता. मग (क्ष − ६)(२क्ष + ३) = ०. दोघांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्यच. आमच्या सोसायटीच्या कमिटीला हा नियम कधीचा लागू आहे.

क्ष बरोबर ६, किंवा उणे दीड. सहा धरला तर थवा ७२. ताळा केला: निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६, आठ नवमांश ६४, शिवाय ते जोडपं. चोख.

"आणि उणे दीड?" मी उत्साहात होतो. दीडचा वर्ग सव्वादोन, दुप्पट केली तर साडेचार.

"साडेचार भुंगे?" लेक म्हणाली. "आणि मालतीवर उणे दीड गेले?" तिनं त्यावर आडवी रेघ मारली आणि ७२ भोवती चौकोन काढला.

"ते असू दे," आई म्हणाली. "तो कमळातला सुटला का?"

"ते विचारलेलं नाहीये, आजी."


"मग काय सोडवलंत दोघांनी एवढा वेळ?" म्हणत आई मेथीची काडं गोळा करून आत गेली.