जीन्सचं राहू द्या, आधी बाजूला सरका

श्रावण जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मंदिरात जाताना पाळायचे नियम’ फिरायला लागतात. पहिला नियम ठरलेला, कपडे. त्यातही मुलींचेच. जानेवारी २०२५ मध्ये सिद्धिविनायक न्यासाने अंगभर, शक्यतो भारतीय पोशाखात या, अशी सूचना काढली, तेव्हापासून तर या मेसेजना चांगलाच जोर चढलाय. देवळात नीट कपडे घालून जावं, हे मलाही पटतं. पण इतकी वर्षं ठाण्यातल्या देवळांच्या रांगेत उभी राहून माझं मत असं झालंय, की दर्शनाचा विचका फाटक्या जीन्सने होत नाही. तो पिंडीसमोर ठाण मांडून बसलेल्या, गंधबिंध लावलेल्या माणसाने होतो.

आपल्याकडचे जुने संकेत बघा ना. महादेवाच्या देवळात नंदी आणि पिंड यांच्या मधे उभं राहायचं नाही. नंदीच्या बाजूला बसायचं, त्याच्या शिंगांवर बोटं टेकवायची आणि त्या फटीतून पिंड बघायची. प्रदक्षिणाही पूर्ण गोल नाही. पन्हळीपर्यंत, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर जातं तिथपर्यंत जायचं, ती न ओलांडता मागे वळायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत आणि तसंच परत. ही सोमसूत्री प्रदक्षिणा. कारणं शास्त्री सांगतील ती सांगोत, मला यात एकच गोष्ट दिसते: कुणाच्या तरी मधे येऊ नकोस. नंदीच्या नजरेआड येऊ नको, अभिषेकाच्या पाण्यावर पाय देऊ नको. एवढं शिकवणाऱ्या देवळात मागच्या माणसाच्या डोळ्यांआड यायला मात्र कुणालाच काही वाटत नाही!

(श्रावणी सोमवारी सोमसूत्री करून बघा. तुम्ही पन्हळीवरून मागे वळता आणि समोरून पूर्ण गोल घालणारी अख्खी फलटण अंगावर येते. वर ‘उलटे काय फिरताय?’ हेही आपणच ऐकायचं.)

ठाण्यातल्या कौपिनेश्वर या महादेवाच्या देवळाचंच घ्या. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केला, तेव्हा मासुंदा तलावाकाठी किती लोक येत असतील? आज दाराशी जांभळी नाक्याचा बाजार, पलीकडे स्टेशनकडे धावणारं ठाणं. गाभारा काही लोकसंख्येबरोबर वाढत नाही. म्हणजे आतला प्रत्येक क्षण मागच्याकडून उसना घेतलेला असतो. पिंड एवढी मोठी आहे की मंडपातूनही डोळे भरून दिसते, फक्त मधल्यांनी डोकी आणि फोन खाली घ्यायला हवेत.

फोन! एका देवळात (नाव घेत नाही, ठाण्यातलंच) माझ्या पुढच्या काकांनी परदेशातल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर अख्खी आरती दाखवली. ‘दिसतंय का गं? आता?’ असं घंटेच्या वर आवाज चढवून. मागे एक आजी काठी टेकत उभ्या होत्या, त्यांना मात्र काकांची पाठच दिसली. फोटोला मनाई असल्याची पाटी शेजारीच होती. काकांना कुणी एक शब्द बोललं नाही. त्याच रांगेतल्या शॉर्ट्स घातलेल्या एका मुलीला मात्र दोघींनी सुनावलं. ती बिचारी नमस्कार करून क्षणात बाजूला झाली होती.

म्हणून ‘मंदिराचं पावित्र्य’ हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. याच शब्दाखाली आपण माणसांना दाराबाहेर ठेवलंय. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला, पंढरपूरच्या विठोबाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७ मध्ये उपोषणाला बसले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आलं ते २०१६ मध्ये. कपड्यांची सूचना आणि अस्पृश्यता एकच आहेत, असं मी अजिबात म्हणत नाही. पण कुणाला आत घ्यायचं यावर आपण पिढ्यानपिढ्या डोकं खर्च केलं, आणि आत आल्यावर शेजारच्याशी कसं वागायचं ते मात्र राहूनच गेलं.

बाकी छोट्या गोष्टी. बेल-फुलं प्लास्टिकच्या पिशवीसकट देऊ नका, ती पिशवी शेवटी गुरुजींनाच सोडवत बसावी लागते. तीर्थ घेऊन ओला हात खांबाला पुसू नका. लहान मूल घंटा वाजवत असेल तर वाजवू द्या, पण एकदाच. चपला पायरीच्या तोंडाशी काढू नका, म्हाताऱ्या माणसांना तिथेच कठड्याला धरून उतरायचं असतं.

आता कमेंटमध्ये ‘मग उद्या काय बर्म्युडा घालून गाभाऱ्यात जायचं का?’ असं विचारणारे येतीलच. नाही हो, काका. बर्म्युडा घालू नका. पण नमस्कार झाला असेल तर पुढे चला, मागे लाईन पार फुलवाल्यांपर्यंत गेलीय.