गुरूचं नाव काय?

आज पणजीला एका ऑफिसात अर्ज द्यायला गेले होते. कलाकारांना अर्थसाहाय्य मिळतं, त्याचा अर्ज. चार पानं, दोन फोटो, रहिवासी दाखला, सगळं नीट लावून नेलं होतं. दुसऱ्या पानावर कलाप्रकाराचा रकाना आहे. भजन, नाट्यसंगीत, तियात्र, फुगडी, घुमट आरती आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. मी यादीखाली स्वच्छ अक्षरात 'रॅप' लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी ते खोडलं आणि 'इतर'वर खूण केली. तिथवर मी गप्प होते. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जे पर्याय आहेत त्यातलाच एक त्या निवडणार, एवढं मलाही कळतं.

पण त्याखाली 'गुरूचे नाव' विचारलंय. तिथे मी माझ्या आजोबांचं नाव लिहिलं होतं. बाईंनी मान वर केली. "हे रॅप करायचे?"

मागे रांगेत उभे असलेले दोघेजण हसले.

तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. अर्ज परत घेऊन निघाले. बसमध्ये बसल्यावर मनातल्या मनात सगळं बोलून झालं. आता इथे लिहितेय, कारण माझ्या वाड्यावरची आणि शाळेतली माणसं फेसबुकवरच आहेत, आणि तुम्हाला आजोबा माहीत आहेत.

२०१२ ची चतुर्थी आठवते ना? पावसाळ्यात आपल्याकडे खनिजाचे ट्रक उभेच असतात. टायर बदलायचे, बॉडी रंगवून घ्यायची आणि पाऊस सरायची वाट बघायची. त्या वर्षी १० सप्टेंबरला सरकारने खाणी थांबवल्या आणि १९ ला चतुर्थी होती. सुप्रीम कोर्टाचा बंदीचा आदेश ऑक्टोबरमध्ये आला, पण घरात काय ते आधीच सगळ्यांना कळलं होतं. बाबांच्या ट्रकचे तीन वर्षांचे हप्ते बाकी होते. तरी आईने माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, नेहमीसारखी भरगच्च बांधायला लावली. सुपारीचे घोस, नारळ, केळ्यांचा घड, काही कमी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री मंडळी आरतीला आमच्याकडे आली. मी नववीत होते. आजोबांच्या शेजारी बसून दुसरं घुमट, आपलं मातीचं तालवाद्य, वाजवायची मला लहानपणापासून मुभा होती. मुलगी कशाला, असं कुणी म्हटलं की आजोबांना नेमकं त्याच वेळी ऐकू यायचं नाही. शेवटची आरती संपली. शब्द संपले तरी घुमट, शामेळ म्हणजे छोटा नगारा आणि कासाळं म्हणजे झांजा थोडा वेळ चालूच राहतात, ते तुम्हाला सांगायला नको. त्या वाजण्यावर मी सायन्सच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या चार ओळी बोलून टाकल्या. चाल नव्हतीच त्यांना.

दारात ट्रक उभा, इंजिन गार
हप्त्याची तारीख डोक्यावर वार
माटोळी भरली, खिसा रिकामा
देवा, हा तोटा करू कुणाच्या नावे जमा?

एक काका ओरडले, "गो, आरतेंत हें किदें?" शामेळ थांबलं. कासाळं थांबली. बाबा उठून बाहेर गेले. आजोबा मात्र थांबले नाहीत. माझ्याकडे न बघता एकच शब्द म्हणाले, "वाजय."

आता मला सांगा, गुरू म्हणून मी दुसऱ्या कुणाचं नाव लिहू?

लहानपणी मी कंडक्टरांची नक्कल करायचे. "म्हापसा म्हापसा म्हापसा, फुडें वच, फुडें वच" हे एका दमात, ताल न चुकता. आई वैतागायची. आजोबा मांडीवर ठेका धरायचे. घुमटाचं मोठं तोंड चामड्याने मढवलेलं असतं आणि धाकटं तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर डावा हात किती झाकायचा आणि किती सोडायचा, त्यावर त्याचा खर्ज सरकतो. हे मला त्यांनी हात धरून शिकवलं. कितीतरी वर्षांनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा '८०८' ह्या ड्रम मशीनचा बेस ऐकला आणि अंगावर काटा आला. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली काढलेलं ते यंत्र, त्याच्या आवाजावर जगभरचं हिप-हॉप उभं आहे. आणि तो लांबत, घसरत जाणारा खर्ज माझ्या डाव्या हाताला आधीपासून ओळखीचा होता.

लोक म्हणतात, हे बाहेरून आलेलं आहे. हो, आलेलं आहे. हिप-हॉप, म्हणजे रॅपचं घर, सुरू झालं असं मानतात ते इथून: ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, एका इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या कपड्यांना पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, कूल हर्क. गाण्यातले शब्द थांबून नुसता ताल उरतो, तेवढाच तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवत राहायचा, कारण लोक नाचायचे ते त्याच तुकड्यावर. हे वाचलं तेव्हा मला आमची पडवी दिसली. आरतीचे शब्द संपलेत आणि म्हातारा घुमट सोडत नाही.

आणि हार्मोनियम कुठून आली हो? ती नाही का बाहेरून आली? तिच्याशिवाय तुमचं एक तरी भजन उभं राहतं का? तिला कुणी 'इतर' म्हणत नाही. मला खरंच राग येतोय हे लिहिताना. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, ह्यांच्या नावाने आज आपली छाती फुगते. केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला, हे आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. त्या काळी गाणाऱ्या बाईला ह्याच समाजाने कुठल्या रकान्यात बसवलं होतं, ते मात्र सांगत नाही. मी त्यांच्या पायाच्या धुळीजवळही जात नाही. पण रकाने कोण आखतं आणि किती उशिरा पुसतं, ते बघा.

रॅपमध्ये शिव्या असतात म्हणता. असतात. माझ्या एका गाण्यातही एक आहे आणि ती काढायला हवी होती.

कष्टांचं कुणी विचारत नाही म्हणून सांगते. कॉलेजात असताना मावसभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ ह्या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरची फुकटची ट्रायल टाकली होती. त्यात काम सेव्ह करता येतं, पण सेव्ह केलेलं परत उघडता येत नाही. म्हणजे बसलात तर गाणं पुरं करूनच उठायचं. रात्री अकराला बसायचं आणि पहाटे कोंबडा आरवताना उठायचं, असं मी दोन वर्षं केलंय. आवाज घुमू नये म्हणून कपाटाच्या दाराला गोधड्या टांगून आत तोंड घालून रेकॉर्डिंग. पुढे औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या पॅकिंगला तीन वर्षं होते. रात्रपाळीत मशीनच्या खडखडाटावर ओळी जुळवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलमध्ये पुटपुटून ठेवायच्या. पगारातून आधी माइक घेतला, मग माइक कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, मग ट्रायल जाऊन पूर्ण एफएल स्टुडिओ. नोकरी सोडली त्याला दोन वर्षं होतील. आई अजून शेजाऱ्यांना "सुट्टीवर आहे" असं सांगते.

माझ्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. गाणं मी लिहिते, बीट मी करते, गाणी ऑनलाइन ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला वर्षाची फी मी भरते, पोस्टर मी करते. गाणी ऐकून लोक कॉमेंटमध्ये आगीची चिन्हं टाकतात, मला बरं वाटतं. पण गेल्या वर्षभरात ऐकण्याचे जे पैसे आले, त्यात एक बरा हेडफोनही आला नसता. घर चालतं ते शाळांतल्या कार्यशाळांवर, दुकानांच्या जाहिरातींसाठी लिहून दिलेल्या ओळींवर आणि किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांवर. तिथे पहिला प्रश्न असतो, "हिंदी करशील ना? इंग्लिश?" गोव्यात, माझ्याच मातीत, मराठी ओळ म्हणायची तर परवानगी मागायची. मी मराठीत लिहिते तर अर्धे मित्र विचारतात कोंकणी का नाही, कोंकणी ओळ घातली की उरलेले अर्धे रुसतात. माझ्या घरात आरती मराठीत होते आणि आरतीनंतरचं भांडण कोंकणीत. मी दोन्हीत लिहिणार.

सरकारच्या पैशावर कलाकाराने का जगावं, असंही कुणी म्हणेल. म्हणा. वर्षातून एकदा स्टुडिओचं भाडं निघालं असतं, एवढाच माझा हिशेब होता.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत होते. त्यांचा ट्रक आता नाही. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा तो त्यांनी मिळेल त्या भावाला काढून टाकला. नेण्याच्या आदल्या दिवशी इंजिन चालू करून मी त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला होता. माझ्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला जी घरघर आहे, ती तीच. खूप जणांना ती मशीनमधली वाटते.

मी बाबांना अर्जाचं सांगितलं. गुरूचा रकाना, बाईंचा प्रश्न, मागचं हसणं, सगळं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या चतुर्थीला ते माझ्यावर चिडून बाहेर गेले. घरची लाज मी भर आरतीत काढली, म्हणून. हा विषय आम्ही कधीच काढला नव्हता. आज ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू म्हणालीस इंजिन गार. मी जाऊन सुरू केलं. तुला आत ऐकू आलं नाही?"

नाही आलं. आजोबा जोरात वाजवत होते.

आजोबा २०१९ च्या पावसाळ्यात गेले. त्याच वर्षी सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्यांना सांगितलं असतं तर "बरें" एवढंच म्हणाले असते आणि चामडं ताणायला उन्हात बसले असते.

मगाशी अर्ज परत काढून बसले होते. खोडलेल्या जागेच्या वर पुन्हा 'रॅप' लिहिलंय. गुरूचं नाव आहे तेच आहे. त्यापुढे आता 'घुमट' असंही लिहिलं, कारण बाईंनी विचारलेला प्रश्न तसा रास्तच होता आणि मला तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. सोमवारी पहिल्या बसने जाते.

चतुर्थीला दुसऱ्या दिवशी आरती आमच्याकडे, रात्री नऊला. शामेळवाल्यांनी वेळेवर यावं. त्या रात्री ओरडलेल्या काकांनीही यावं, त्यांच्याइतकी कासाळं वाड्यावर कुणाला जमत नाहीत.