नाकी-डोळी नीटस

मी सहा वर्षांची असताना पंपाचा स्टो भडकला आणि माझ्या फ्रॉकने पेट घेतला. जखमा भरत आल्या तशी मानेची कातडी आक्रसत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. खालचा ओठ मिटेना, जेवताना घास बाहेर यायचा. समोरच्याचा चेहरा बघायचा तर मला कंबरेतून मागे वाकावं लागायचं.

मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जनने ती कातडी सोडवली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. पुढे कितीतरी महिने मानेला पट्टा होता. तो रात्री सुटला नाही ना, हे बघायला आई दोन-दोनदा उठायची. लावलेली कातडी माझ्याबरोबर वाढली नाही, म्हणून बाराव्या वर्षी पुन्हा टेबलावर जावं लागलं. गावात बायका विचारायच्या, ‘मानेत प्लास्टिक घातलंय का गं?’ इथे या शब्दाचा अर्थ बादली-मगाचं प्लास्टिक असा नाही. आकार देणं, घडवणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आलाय. ‘प्लास्टिक सर्जरी म्हणजे पैसेवाल्यांची थेरं’ असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे आत्ता लिहायचं कारण माझी भाची. वय २४, नोकरी चांगली. दोन स्थळांकडून नकार आला. त्यातल्या एकाने मध्यस्थाकडे स्पष्टच निरोप दिला, ‘मुलगी चांगली आहे, नाक जरा बसकं आहे.’ दिवाळीत तिने घरात सांगितलं की मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार. दादा भडकला. मग सगळे माझ्याकडे वळले: ‘तू सांग हिला. तुझी गरज होती, हिची हौस आहे.’

मला ते म्हणता आलं नाही. माझं तिसरं ऑपरेशन एकविसाव्या वर्षी झालं, तेव्हा माझी मान व्यवस्थित वळत होती. ते हनुवटीवरच्या व्रणासाठी होतं आणि माझं लग्न जमत नव्हतं म्हणून केलं होतं. आमच्या घरात त्यालाही आजवर ‘उपचार’च म्हणतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहास बघितला तरी गरज आणि हौस यांतली ही रेघ पुसट होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळची एक हकिकत छापून आली. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक केलं, ते चपटं करून कपाळावर ठेवलं, त्याच्या मापाने कातडी सोडवली आणि दोन्ही डोळ्यांच्या मधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवली. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. कपाळाची कातडी आजही नाकासाठी वापरतात. त्या कारागिराचं नाव त्या लेखात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कावसजी नाकाविनाही श्वास घेत होता, वर्षभर तसाच जगला होता. त्याला नाक हवं होतं ते चारचौघांत बसण्यासाठी. ‘नाक कापलं’ हे आपण अब्रूसाठी म्हणतो ते उगाच नाही.

म्हणून भाचीला मी हौशी म्हणणार नाही. पण जिवाला घोर लागलाय तो धोक्याचा. तिच्याबरोबर एका क्लिनिकमध्ये गेले. चाळीस मिनिटं बोलली ती काउन्सेलर, डॉक्टर पाच मिनिटं. आज बुकिंग केलं तर सूट, हप्त्यांची सोय. भूल कोण देणार, काही बिघडलं तर आयसीयू कुठे, या प्रश्नांना धड उत्तर नाही. आणि नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, श्वासाला अडथळा येऊ शकतो, काहींना पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, यातलं तिथे कोणी एक अक्षर बोललं नाही. फिलरचं, म्हणजे उठाव आणायला कातडीखाली भरतात त्या द्रव्याचं, इंजेक्शन चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांचा व्यावसायिक केसरोपणानंतर दगावला. २०२२ मध्ये बंगळुरूत २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. बोर्डावर ‘कॉस्मेटिक’ लिहिलंय म्हणून जाऊ नका. एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का ते विचारा, आणि मेडिकल कौन्सिलकडची नोंद बघा.

आणि दादाला जे समोरासमोर बोलले ते इथेही लिहिते. पोर जन्मली तेव्हा बारशालाच आपण म्हणालो, ‘नाक आजीवर गेलंय, आता काय करणार!’ नाक वर यावं म्हणून रोज तेल लावून चिमटीत धरलं. बायोडेटात ‘नाकी-डोळी नीटस’ आपणच लिहिलं. वीस वर्षं तिच्या नाकावर बोलत आलो, आणि आता तिने त्याचं काही करायचं ठरवलं तर देवाने दिलेलं रूप आठवतं? सुरी तिच्या एकटीच्या अंगावर चालणार आहे.

जाता जाता एक. भाजलेलं लेकरू घरात, शेजारात असेल आणि कातडी ओढायला लागली असेल तर वाट बघू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी आहे. दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशनं स्माइल ट्रेनसारख्या संस्था फुकट करतात.

भाचीला घेऊन मी मग दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी सगळे धोके कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, ‘तीन महिने थांब, आणि तोवर स्थळं बघू नकोस.’ दादाने ते ऐकलंय. फोन आला की तो ‘सध्या बघत नाही आहोत’ एवढंच सांगतो. फेब्रुवारीत ती काय ते ठरवेल. ऑपरेशन ठरलंच तर रात्री तिच्याजवळ मी थांबणार आहे.